शाळेची घंटा आणि दहावा माणूस

२०२४ साली घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. त्याच दिवशी ठाणे, मुंबई, पुणे आणि अलिबाग परिसरातील मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांनी आपले नवे वर्ष साजरे केले. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला आली आणि त्याच संध्याकाळी, सूर्य मावळताच, ज्यूंच्या नववर्षाला प्रारंभ झाला. २०२३ मध्ये मात्र हे नववर्ष गणेशचतुर्थीच्या तीन दिवस आधी आले होते. यामागे पंचांगाचे साधे गणित आहे. आपल्याप्रमाणेच ज्यूंचेही महिने चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी एकोणीस वर्षांत सात अधिक मास धरले जातात. अधिक मासाची वर्षे दोन्हींकडे जुळत नाहीत, एवढाच फरक. त्यामुळे त्यांचा ‘तिश्री’ हा महिना कधी आपल्या भाद्रपदाबरोबर उगवतो, तर कधी आश्विनाबरोबर.

शाळकरी मुलांच्या दृष्टीने हे दिवस अडचणीचे असतात. पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि तिश्रीच्या पहिल्या तीन आठवड्यांत नववर्ष, प्रायश्चित्ताचा उपवास, मांडवांचा सण आणि धर्मग्रंथाचा उत्सव असे चार मोठे प्रसंग एकापाठोपाठ येतात. जूनमध्ये शाळेची घंटा वाजते तेव्हा या मुलांचे एक शैक्षणिक वर्ष सुरू होते, तिश्रीत दुसरे. पहिल्याची काळजी सरकार, शाळा आणि पालक मिळून वाहतात. दुसऱ्याची काळजी वाहणारे हात फार थोडे उरले आहेत. संख्येने लहान असलेला समाज टिकतो कशावर, हा प्रश्न समजून घ्यायचा तर या दुसऱ्या शाळेकडे पाहावे लागते.

प्रार्थनागृह म्हणजेच शाळा

पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिडिश बोलीत प्रार्थनागृहाला, म्हणजे सिनेगॉगला, ‘शुल’ म्हणतात. हा शब्द जर्मन भाषेतील शाळावाचक शब्दापासून आला आहे. उपासना आणि अध्ययन यांत ज्यू परंपरेने फारसे अंतर ठेवले नाही, याची ही खूण होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकात जोशुआ बेन गमला या महायाजकाने गावोगावी शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत बसवण्याची व्यवस्था केली, असे तालमुद या ग्रंथात सांगितले आहे. त्याच ठिकाणी वर्गाचा आकारही ठरवून दिला आहे : पंचवीस मुलांमागे एक शिक्षक, चाळीस मुले असतील तर त्याच्या जोडीला एक साहाय्यक आणि पन्नास झाली तर दोन शिक्षक. आजच्या शाळा तपासणी अधिकाऱ्यालाही हा दंडक ओळखीचा वाटेल.

मध्ययुगीन युरोपात मूल पहिल्यांदा अक्षरांपुढे बसे तेव्हा पाटीवरील अक्षरांना मध लावून तो त्याला चाटायला देत. विद्या गोड लागावी, हा हेतू. दसऱ्याला पाटीपूजन करणाऱ्या आपल्या घरांना या रीतीचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वर नसलेली पोथी

या दुसऱ्या शाळेत मुलाने शिकायचे काय? मुख्यतः तोरा वाचणे. तोरा म्हणजे मोशेच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ. सिनेगॉगमध्ये ते चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेले असतात. हिब्रूची अक्षरे बावीस, लेखन उजवीकडून डावीकडे. खरी कसोटी पुढे आहे. त्या गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात आणि पठणाचे सूर दाखवणाऱ्या खुणाही नसतात. मराठीत केवळ ‘क’ आणि ‘प’ लिहिले तर वाचणाऱ्याने तो शब्द कप, काप, कूप की कोप हे संदर्भावरून ओळखायचे, अशी कल्पना करावी. म्हणून छापील पुस्तकात स्वरांसह पाठ करायचा, तो कानात मुरवायचा आणि मग गुंडाळीसमोर उभे राहायचे, असा हा क्रम आहे. त्याला महिनोन्‌महिने लागतात आणि शिकवणारा माणूस शेजारी असावा लागतो.

तोराचे चोपन्न भाग पाडलेले आहेत. दर शनिवारी एक, आणि काही आठवड्यांत दोन, याप्रमाणे वर्षभरात ते वाचून पूर्ण होतात. तिश्रीच्या अखेरच्या उत्सवात, सिमहात तोराच्या दिवशी, शेवटचा भाग वाचला जातो आणि त्याच बैठकीत विश्वोत्पत्तीचा पहिला भाग सुरू होतो. परीक्षा संपली, सुट्टी लागली आणि मग नवी इयत्ता, असा खंड येथे नाही. अनेक सिनेगॉगांत त्या दिवशी लहान मुलांना प्रार्थनेच्या उपरण्याखाली एकत्र उभे करून आशीर्वाद देतात. नव्या अभ्यासवर्षाची घंटा म्हणतात ती हीच.

तेराव्या वर्षी मुलगा धर्मदृष्ट्या जबाबदार मानला जातो. हा ‘बार मिट्झवा’चा टप्पा. मुलींसाठी तो बाराव्या वर्षी येतो. सोहळा, नवे कपडे, जेवणावळ हे सारे असतेच; परंतु त्याचा खरा अर्थ गणतीत आहे. सार्वजनिक प्रार्थनेसाठी, गुंडाळीतून तोरा वाचण्यासाठी आणि मृतांच्या स्मरणार्थ म्हटल्या जाणाऱ्या ‘कद्दिश’साठी दहा प्रौढांची उपस्थिती लागते. सनातनी प्रघातानुसार हे दहा पुरुष असावे लागतात; उदारमतवादी मंडळ्या स्त्रियांनाही मोजतात. नऊ माणसे तासभर वाट पाहत बसली तरी कद्दिश म्हणता येत नाही. अशा वेळी दारातून आत येणारा तेरा वर्षांचा मुलगा दहावा माणूस ठरतो. पन्नास घरांच्या वस्तीत त्याची उणीव जाणवत नाही. पाच घरांच्या गावात मात्र तो नसेल तर प्रार्थनागृह असून नसल्यासारखे होते.

शाळा नव्हती तेव्हा

महाराष्ट्रातील ज्यूंपैकी बहुसंख्य बेने इस्रायल आहेत. त्यांच्या परंपरेनुसार फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. पुढे ही कुटुंबे कुलाब्याच्या गावोगावी पसरली, घाण्यावर तेल गाळू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली गेली. गावांवरून आडनावे पडली : किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, अष्टमीचे अष्टमकर. त्यांच्याजवळ ना तोराची गुंडाळी होती, ना हिब्रू भाषा उरली होती. सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही नियम आणि देव एकच आहे असे सांगणारे ‘शमा’चे वचन, एवढी शिदोरी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली.

जे टिकले ते स्वयंपाकघराने आणि सणांनी टिकवले. सणांची नावे पाहावीत. नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. त्यामागून ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस, ज्या दिवशी दारे लावून घेऊन उपवास करायचा, तो ‘दारफाळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे दुःख ज्या दिवशी पाळतात, तो केळीच्या पानावर वालाचे बिरडे वाढतात म्हणून ‘बिरड्याचा सण’. यरुशलेमचा शोक आणि कोकणातले कडवे वाल एका पानावर आले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना.

डेव्हिड रहाबी नावाच्या परदेशी विद्वानाची एक कथा या समाजात सांगितली जाते. हे लोक खरोखर ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. पर आणि खवले असलेली मासळी तेवढी त्यांनी वेगळी काढली. बाकीची बाजूला सारली. तोराचा नियम नेमका हाच आहे. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांवर वाढलेल्या आपल्या किनाऱ्यावरील वाचकाला या निवडीची किंमत चटकन कळेल. ग्रंथ हरवला होता, पण नियम आईच्या हाताखाली मुलगी शिकत होती. रहाबीने मग तीन घराण्यांतील माणसे निवडून त्यांना धर्मविधी शिकवले आणि ते ‘काजी’ म्हणून गावोगावी फिरू लागले, असे ही कथा सांगते. रहाबीच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कथेचे तात्पर्य तेवढे स्पष्ट आहे : परीक्षा घेतली ती स्वयंपाकघराची आणि तिच्यामागोमाग आले ते शिक्षण.

कोचीन, मिशन आणि १८७५

अठराव्या शतकात बेने इस्रायल कुटुंबे मुंबईत येऊ लागली. कंपनी सरकारच्या पलटणीतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात या समाजाचे मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणत. तेथील रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडले, आणि जवळच्या मस्जिद रेल्वे स्थानकाचे नावही या जुन्या मशिदीवरून आल्याचे सांगतात. हिब्रू विधी शिकवण्यासाठी कोचीनहून ज्यू शिक्षक आले. बेने इस्रायलांत स्वतःचे धर्मगुरू घडण्याची परंपरा नव्हती. विधी चालवणारा ‘हज्जान’ आणि शिकवणारा मास्तर यांवरच सारी भिस्त होती.

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी कोकणात आणि मुंबईत मराठी शाळा उघडल्या. बेने इस्रायलांची मुले तेथे शिकली, आणि जुना करार त्यांच्या हाती प्रथमच मराठीत आला. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. घडले ते वेगळेच. आपला ग्रंथ आपल्या भाषेत वाचायला मिळाल्यावर हा समाज स्वतःच्या धर्माकडे अधिक डोळसपणे वळला. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचायचा ‘हगादा’ पुण्यात १८७४ मध्ये मराठी अनुवादासह छापला गेला; त्यातील चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात. अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्याने लावणारी बेने इस्रायल कीर्तने याच शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. धर्म ज्यू, आणि सांगण्याची पद्धत हरदासाची.

या घुसळणीतून १८७५ मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या बंधूंच्या साथीने मुंबईत इस्राएलाइट स्कूलची स्थापना केली. इंग्रजी शिक्षण आणि हिब्रूचे शिक्षण एका छपराखाली मिळावे, मुलाला दोन शाळांत धावावे लागू नये, हा त्यामागचा विचार. माझगावातील हीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. मुलींना पुढे येऊ देण्यात हा समाज मागे नव्हता. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनला वैद्यकीय शिक्षण घेतले, मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळवली. मुंबईत उदारमतवादी ज्यू मंडळी उभी करण्यातही त्यांचाच पुढाकार होता.

बाके भरली, मुले बदलली

स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायलांची संख्या सुमारे वीस हजार होती. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत बहुतांश कुटुंबे तिकडे गेली. तेथेही त्यांना सहज स्वीकारले गेले नाही. त्यांच्याशी विवाह करण्याबाबत तेथील धर्मपीठाने शंका उपस्थित केल्या, तेव्हा त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले आणि १९६४ मध्ये सर्वार्थाने ज्यू म्हणून मान्यता मिळवली. अश्दोद, लोद, दिमोना या गावांत आज मराठी ऐकू येते; ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालवले.

इकडे २०११ च्या जनगणनेत संपूर्ण भारतातील ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत भरली. माझगावची शाळा बंद पडली नाही. तिची बाके आजूबाजूच्या वस्तीतील मुलांनी भरली, आणि त्यांत मुस्लिम कुटुंबांतील मुले बहुसंख्य आहेत. कोलकात्याच्या ज्यू मुलींच्या शाळेतही हेच घडले. पश्चिम आशियातील बातम्या पाहून मन विटणाऱ्या वाचकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी : ज्यू समाजाने उभारलेल्या शाळेत मुस्लिम मुली शिकतात आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. शिक्षण म्हणून हे समाधानकारक आहेच. ज्या कामासाठी केहिमकरांनी शाळा काढली ते काम मात्र पुन्हा सिनेगॉगच्या ओसरीवर, हज्जानच्या घरी आणि सामुदायिक केंद्रांतील रविवारच्या वर्गांवर येऊन पडले आहे.

हे काम अवघड कसे, ते शनिवारी कळते. शुक्रवारी सूर्यास्त झाल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ. त्या काळात लिहिणेही निषिद्ध. आपल्याकडे शनिवार हा सकाळच्या शाळेचा दिवस, आणि परीक्षांच्या वेळापत्रकात तर तो हमखास असतो. पेपर शनिवारी आला की घरात प्रश्न उभा राहतो : मुलाने उत्तरपत्रिका लिहावी की लिहू नये? बहुतेक घरे व्यवहाराच्या बाजूने कौल देतात आणि त्यात दोष काढण्याचे कारण नाही. वर्गात साठांत एकच ज्यू मूल असेल, तर वेळापत्रक त्याच्यासाठी बदलत नाही. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. संस्था चालवण्याच्या आणि शिष्यवृत्त्यांच्या दृष्टीने तो उपयोगी आहे; पण शनिवारची सकाळ त्याने मोकळी होत नाही.

पणजीच्या उद्यानातील नाव

हा विषय गोव्यातील वाचकाला दूरचा वाटू नये. पणजीतील नगरपालिका उद्यानाला गार्सिया दा ओर्ता यांचे नाव आहे. भारतीय औषधींवरील त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यांचे आईवडील मूळचे स्पेनमधून हद्दपार झालेले ज्यू. पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. ओर्ता १५६८ मध्ये वारले; पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कॅटरिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्तांच्या अस्थी उकरून त्यांना अग्नी देण्यात आला.

त्याच शतकांत, त्याच किनाऱ्यावर काही मुक्काम उत्तरेला, तेल्याचा घाणा शनिवारी बंद राहत होता आणि शेजारीपाजारी त्याला सरळ ‘शनिवार तेली’ म्हणून हाक मारत होते. एका ठिकाणी पालकांना आपला वारसा मुलांच्या कानात कुजबुजावा लागला आणि तो विझला. दुसऱ्या ठिकाणी ग्रंथ नव्हता, शिक्षक नव्हता, पण मुलांना उघडपणे सांगण्याची मोकळीक होती, आणि तेवढ्यावर तो टिकला. शेजाऱ्यांनी दिलेले हे सर्वांत मोठे दान म्हणावे लागेल.

आजचा प्रश्न छळाचा नाही, संख्येचा आहे. ठाण्याचे सिनेगॉग १८७९ पासून उभे आहे. अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग आहे. पुण्यात ससूनांनी बांधलेले ‘लाल देऊळ’ आहे. इमारती राखणे पैशांनी साधते. तोराची गुंडाळी उलगडून स्वरांशिवाय वाचू शकणारा मुलगा मात्र कोणाला तरी दोन-तीन वर्षे शेजारी बसवून घडवावा लागतो. गोव्याबाहेर, बेळगावात, इंदूरला वा बडोद्याला आपल्या मुलांना मराठी लिहायला शिकवण्यासाठी धडपडणाऱ्या पालकांना हे श्रम परके वाटणार नाहीत. शाळेत जे शिकवले जात नाही ते घरच्यांनी शिकवायचे असते, आणि एक पिढी चुकली की पुढची ते मागतही नाही.

शाळा उघडतात तेव्हा दप्तरे, गणवेश आणि प्रवेशशुल्क यांची चर्चा सर्वत्र होते. तिश्री लागल्यावर एखाद्या जुन्या मशिदीत नऊ माणसे बाकांवर बसून दाराकडे पाहत असतील. सहामाहीचा अभ्यास बाजूला ठेवून एक मुलगा धावत येईल, डोक्यावर टोपी ठेवील आणि प्रार्थना सुरू होईल.